पद्मिनीचे दिवे



लोणची-पापड, दशलक्षणातला स्वयंपाक, मुलांची पाठशाळा यावर आपण नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी एखादी जुनी गाडी असते, सासऱ्यांची नाहीतर वडिलांची. ती विकवत नाही आणि रोज वापरवतही नाही. घरातली पुरुषमंडळी तिला फडक्यानं पुसतात, पाहुण्यांना दाखवतात. मग एक दिवस मागचा दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, सेल्फ मारला तर नुसती टिकटिक होते आणि घरात चर्चा सुरू होते, "आता काढून टाका हो ही."

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे. पप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नंबर लावून १९८६ साली घेतलेली. पप्पांचं वय आता ब्याऐंशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. तेव्हापासून गाडी खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीच्या आमच्या घरी शेडमध्ये असते. आमचं जाणं-येणं महिन्यातून दोनदा होतं.

आधी या गाडीबद्दल थोडं सांगते, कारण ती आपलीही आहे. माझं माहेर सोलापूरचं. शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले, आपल्याच दिगंबर जैन समाजातल्या दोशी घराण्यात. रेल्वेच्या ठेकेदारीपासून त्यांनी सुरुवात केली. आमच्या घरातून जो बोरघाट दिसतो, तिथल्या रेल्वे बोगद्यांच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता. पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी आपल्या देशात बनाव्यात असं त्यांनी मनावर घेतलं. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट ११०० इथे बनू लागली आणि तिचंच पुढे 'पद्मिनी' झालं. हे नाव येईपर्यंत शेठजी हयात नव्हते, ते १९५३ सालीच गेले. मुंबईत वर्षानुवर्षं हीच गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आता पद्मिनी राहिली ती फक्त हौशी लोकांच्या दारात.

कायद्याच्या दृष्टीनं मात्र आमची गाडी अजून 'विंटेज' नाही. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. तोवर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्यासाठी गाडी दाखवायची, तर सगळे दिवे लागायलाच हवेत.

आता कुंभिवलीच्या पावसाबद्दल. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना ओल येते, मीठ पाझरतं, काड्यापेटी ओढली तर पेटत नाही. मग शेडमध्ये उभ्या गाडीचं काय होत असेल? खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली आणून त्यावर मुंबईसाठी वीज केली. त्याच खोपोलीच्या शेजारी आमच्या गाडीची वीज दरवर्षी पाण्यानंच जाते. पितळेच्या टोकांवर हिरवं चढतं, लोखंडाला तांबेरा येतो. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही, चाळीस वर्षांच्या वयाचा आणि ओलीचा आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर गाडी बाहेर काढली तेव्हा मागचा उजवा दिवा अगदी मिणमिणता लागत होता. ब्रेक दाबला की तो जवळजवळ विझायचा आणि शेजारचा इंडिकेटर हलकासा उजळायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसानं पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, वायरिंग गेलंय. पूर्ण बदलावं लागेल." आकडा ऐकून माझे मिस्टर म्हणाले, "त्यापेक्षा गाडी देऊन टाकू." पप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवायचे नाहीतच ते, चौविहार असतो, पण त्या दिवशी संध्याकाळचं दूधही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी शेडमध्ये खुर्ची टाकली आणि मला हाक मारली. "बेटा, माझे डोळे नाहीत आता. तुझे आहेत. तू बघ, मी सांगतो." त्या दिवसापासून मी जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीतली वीज घरातल्या विजेसारखी दोन तारांनी फिरत नाही. बॅटरीच्या एका टोकाकडून तार दिव्यापर्यंत येते. परतीचा रस्ता मात्र गाडीची लोखंडी बॉडी असते. यालाच मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. पप्पांनी मला हे मोरीच्या भाषेत समजावलं. नळ चांगला आहे, पाणी भरपूर आहे, पण मोरी तुंबली तर काय होतं? पाणी तुंबतं आणि शेजारच्या दुसऱ्या जाळीतून वर येतं. आमच्या गाडीत हेच झालं होतं. ब्रेकच्या दिव्याची वीज बॉडीत उतरू शकत नव्हती, म्हणून ती इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढत होती. एक दिवा लावला की भलताच दिवा मिणमिणतो, असं दिसलं तर आधी अर्थ पाहायचा. वायरिंग बदलायचा विचार त्यानंतर.

मागच्या डिकीत दिव्याच्या आतल्या बाजूला एक काळी वायर एका स्क्रूनं बॉडीला घट्ट केलेली होती. स्क्रू काढला. वायरच्या टोकाची गोल कडी हिरवी, खालचा पत्रा तांबेरलेला. पॉलिश पेपरनं दोन्ही चकचकीत घासले, स्क्रू परत घट्ट बसवला, वरून बोटभर व्हॅसलीन लावलं. दिवा लख्ख लागला. इंडिकेटर आपल्या जागी गप्प. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा एक तुकडा. पप्पांनी मला ब्रेक तीनदा दाबून दाखवायला सांगितला आणि मग म्हणाले, "चहा टाक."

आता इतर गोष्टी एकेक करून सांगते. त्याआधी एक नियम फार महत्त्वाचा. गाडीच्या विजेला हात लावण्यापूर्वी बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा आणि मंगळसूत्र आत खोचा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून बायका निर्धास्त असतात. पण बॅटरीचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये सोन्याची बांगडी आली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि ती क्षणात लाल होते. मनगटावर असताना!

बॅटरीपासून सुरुवात करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठलेली असते. आधी बॉडीला जोडलेली वायर काढायची, बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्हची असते. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत उलटं असतं, म्हणून बघून खात्री करायची. ही वायर आधी काढली की नंतर पॉझिटिव्ह सोडवताना पान्हा चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. मग कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं टर्मिनल घासायचे. फेस येतो, तो अ‍ॅसिड मरत असल्याचा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, झाकणं घट्ट बंद ठेवायची. कोरडं करून आधी पॉझिटिव्ह जोडायचं, बॉडीची वायर शेवटी. वरून व्हॅसलीन. साडी चांगली नेसून हे काम करू नका, अ‍ॅसिडचा थेंब पडला तर आठवड्यानं तिथे भोक पडतं. आत पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, घरचं फिल्टरचं पाणी चालत नाही. आणि दसऱ्याला वाहनपूजा करताना उदबत्ती, निरांजन बॅटरीपासून लांब ठेवा. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

सेल्फ मारला की नुसती टिकटिक होते, तेव्हा दहापैकी निम्म्या वेळा हे टर्मिनलच सैल किंवा घाण असतं. तरीही शंका असेल तर एक साधा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते तेव्हा ती भरलेली समजायची. १२ च्या खाली गेली तर उपाशी. इंजिन जरा वेगात चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. तो वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. तेव्हा आधी पट्टा सैल आहे का बघायचं, अर्थातच इंजिन बंद करून. पुढचं डायनॅमो-कटआउट किंवा अल्टरनेटरचं काम इलेक्ट्रिशियनचं.

फ्यूजचं. आमच्या गाडीतले फ्यूज म्हणजे छोटे, दोन्ही टोकं निमुळती असलेले, वर धातूची बारीक पट्टी. पितळेच्या दोन चिमट्यांत ते बसतात. पावसाळ्यानंतर पुष्कळदा फ्यूज उडालेला नसतो, चिमट्याला काळं चढलेलं असतं. बॉडीची वायर सोडवून फ्यूज काढायचा, चिमटे पॉलिश पेपरनं हलकेच घासायचे, फ्यूज परत बसवून बोटानं दोनदा फिरवायचा. कितीदा तरी हॉर्न आणि वायपर एवढ्यानंच चालू झालेत. पण फ्यूज खरंच उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घालायचा. चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणारे लोक मी पाहिलेत. मैत्रिणींनो, फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला अशक्त दुवा आहे. तो जळतो म्हणून वायर वाचते. तिथे चांदी लावली तर जळायची पाळी वायरवर येते, आणि वायरच्या जवळून पेट्रोलची नळी जात असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बल्बचं. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पाच वॉटची रात्रीच्या दिव्याची आणि एकवीस वॉटची ब्रेकची. त्याच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, म्हणून तो एकाच बाजूनं बसतो. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, फिरवून बघायचा. होल्डरच्या आतला तांबेरा पेन्सिलीच्या टोकाला पॉलिश पेपर गुंडाळून काढता येतो. इंडिकेटरची नेहमीची टिकटिक बदलली, फार जलद झाली किंवा थांबली, तर बहुधा पुढचा किंवा मागचा एक बल्ब गेलेला असतो.

हेडलाइट मंद वाटतो म्हणून शंभर वॉटचे बल्ब घालायचा मोह आवरा. साठ वॉटचा एक बल्ब पाच अँपिअर ओढतो, दोन मिळून दहा. शंभरचे दोन बसवले की सतरा अँपिअरच्या जवळ जातं. ती चाळीस वर्षांची बारीक वायर आणि तो जुना स्विच यांना ते झेपत नाही. आधी दिव्याचा अर्थ आणि कनेक्टर साफ करा. तेवढ्यानंच डोळ्यांना फरक कळतो.

या सगळ्या शोधासाठी लागतो तो टेस्ट लॅम्प. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. एक टोक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला, दुसरं तपासायच्या जागी. पेटला तर तिथपर्यंत वीज येते आहे. पप्पांचा टेस्ट लॅम्प त्यांनी स्वतः केलेला आहे आणि अजून तोच चालतो. ते म्हणतात, "आधी बघ, मग हात लाव." वस्तू बदलायची घाई करायची नाही. बिघाड कुठून सुरू होतो तिथपर्यंत मागे मागे जायचं.

आता उंदरांचा प्रश्न, जो आपल्याच घरात जास्त अवघड होतो. कुंभिवलीला भोवती भातशेती आहे. पावसात बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरड्या जागा शोधतात आणि बॉनेटखालची ऊबदार जागा त्यांना आवडते. वायरी कुरतडतात. गॅरेजमध्ये सगळे विष सांगतात, नाहीतर चिकट पुठ्ठा. चिकट पुठ्ठ्यावर जीव तासन् तास तडफडतो, आणि आपण त्याच घरात सामायिकाला बसायचं? आम्ही दोन्ही आणत नाही. त्याऐवजी काय करतो ते सांगते. गाडीत काहीही खायचं नाही, मुलांना बिस्किटसुद्धा नाही. शेडमध्ये धान्य, पेंड, कांदे ठेवायचे नाहीत. घरी असू तेव्हा दिवसभर बॉनेट उघडं ठेवायचं, उजेड आणि वर्दळ असली की उंदीर घर करत नाहीत. मोठ्या फटींना बारीक लोखंडी जाळी. तरीही आलाच तर पिंजरा, आणि पिंजरा रोज सकाळी बघायचा म्हणजे बघायचाच, आत जीव उपाशी राहता कामा नये. पकडला की दूर माळावर सोडायचा. कुरतडलेली वायर असेल तर नुसती टेप गुंडाळून भागवत नाही. तेवढा तुकडा काढून त्याच जाडीचा नवा जोडून घेतो. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारायच्या. मांजर, पाल, जे कोणी असेल त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. आपल्याकडे यालाच जयणा म्हणतात.

कुणी विचारेल, एका जुन्या गाडीसाठी इतका खटाटोप कशाला? अपरिग्रह शिकवणाऱ्या धर्मात हौसेची गाडी बाळगायची आणि वर तिचं कौतुक करायचं? हा प्रश्न मीही पप्पांना विचारला होता. ते म्हणाले, "नवी घेतली असती तर परिग्रह वाढला असता. आहे तीच नीट ठेवली, त्यात काय वाढलं?" मला ते पटतं, पण माझ्या मनात आणखी एक कारण आहे.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं विहार करणारे साधू-साध्वी आपण सगळ्यांनी पाहिलेत. पहाटेच्या धूसर उजेडात, रस्त्याच्या कडेनं, अनवाणी. चार हात पुढची जमीन बघत, मुंगीलाही पाय लागू नये म्हणून. ही त्यांची ईर्यासमिती. विहारात वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि सुन्न होतो. त्याच रस्त्यावर आपली गाडी धावते. तिचा एक हेडलाइट मंद असेल, मागचा दिवा बंद असेल, ब्रेक लावलेला मागच्या ट्रकला कळत नसेल, तर आपण कुठल्या तोंडानं जीवदयेवर बोलायचं? पाण्याचं गाळणं आपण किती निगुतीनं धुतो. तेवढीच निगा दिव्यांची ठेवली पाहिजे, असं मला वाटतं. आम्ही अजूनही सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचायचं बघतो. पण घाटात कधी धुकं उतरेल आणि कधी ट्रॅफिकमध्ये अंधार पडेल, हे आपल्या हातात नसतं.

काही गोष्टींना मात्र मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर विजेचं काहीही करायचं नाही, आधी गळती बंद. इंजिन चालू असताना कॉइलच्या जाड वायरीला स्पर्श करायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. वायर गरम लागते किंवा जळका वास येतो, तर गाडी बंद करून बॉडीची वायर काढून ठेवायची आणि जाणकाराला बोलवायचं. आपण करतो ती घासपूस, बल्ब, फ्यूज आणि बॅटरी. एवढंच. पण एवढ्यातच किरकोळ बिघाडांतले बहुतेक मिटतात, आणि गॅरेजमध्ये गेलं तरी काय विचारायचं ते आपल्याला कळतं.

चातुर्मासात आमचा प्रवास कमी असतो. आषाढात गाडी उभी करताना मी बॉडीची वायर सोडवून ठेवते, म्हणजे बॅटरी हळूहळू रिती होत नाही. महिन्यातून एकदा ती चार्ज करून घेते. कार्तिकात गाडी बाहेर काढायच्या आधी सगळे अर्थ, फ्यूज आणि होल्डर एकदा पुसते. तासाभराचं काम आहे. पप्पा खुर्चीवर बसून एकेक नाव घेतात, "पुढचा डावा, पुढचा उजवा, नंबरप्लेटचा," आणि मी "झालं" म्हणते.

शेवटी एक सोपी गोष्ट, जी जुन्या काय, नव्या गाडीलाही चालेल. ब्रेकचे दिवे बघायला दुसरं माणूस नसेल तर संध्याकाळी गाडी मागे घेऊन भिंतीजवळ उभी करा आणि आरशात बघत ब्रेक दाबा. भिंतीवर दोन लाल उजेड सारखे दिसले पाहिजेत. एकच दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या काढा आणि पॉलिश पेपर घ्या.

जय जिनेंद्र.